खिशातल्या काट्यावर फ्लॉजिस्टन: ०.०१ ग्रॅम पुरेसे आहेत का?

चारशे-पाचशे रुपयांत मिळणारा, खिशात मावणारा डिजिटल काटा आता बऱ्याच शाळांच्या प्रयोगशाळेत पोहोचला आहे. खोक्यावर दोनच आकडे ठळक असतात: क्षमता २०० किंवा ५०० ग्रॅम आणि ०.०१ ग्रॅम. इथे त्याची परीक्षा दागिने किंवा मसाले तोलून घेतलेली नाही, एका मोडीत निघालेल्या सिद्धांतावर घेतली आहे. अठराव्या शतकात युरोपातले बहुतेक रसायनशास्त्रज्ञ मानत की जळणाऱ्या प्रत्येक वस्तूत फ्लॉजिस्टन नावाचं द्रव्य असतं आणि जळणं म्हणजे ते बाहेर पडणं. हे चूक आहे असं या काट्यावर वर्गात दाखवता येतं का? ५०० ग्रॅमवाल्यावर येतं, २०० ग्रॅमवाल्यावर अर्धवट येतं. दोन्ही सारखेच बारीक तोलतात, तरी असं होतं.

आधी सिद्धांताला त्याचं श्रेय देऊ, कारण त्याची टिंगल फार स्वस्तात होते. योहान बेखर याने १६६९ मध्ये ज्वलनशील पदार्थांत एक 'तेलकट माती' असते असं मांडलं. जर्मनीतल्याच गेऑर्ग श्टाल याने पुढे १७०३ पासून ती कल्पना फ्लॉजिस्टन या नावाने उभी केली. लाकूड जळलं की फ्लॉजिस्टन जातं, राख उरते. धातू तापवला की फ्लॉजिस्टन जातं, भस्म उरतं. कोळसा जवळजवळ राख न ठेवता जळतो, म्हणजे तो बहुतांशी फ्लॉजिस्टनच. मग भस्मात कोळसा मिसळून तापवला की फ्लॉजिस्टन परत मिळून धातू तयार व्हायला हवा, आणि भट्टीत नेमकं तेच होतं. झाकलेल्या भांड्यातली ज्योत विझते, कारण आतली हवा फ्लॉजिस्टनने भरून जाते आणि आणखी घेऊ शकत नाही. भट्टी आणि चूल अशी एकाच कल्पनेत बसत होती. वर्गात हा भाग गाळून थेट खंडनाकडे गेलं तर प्रयोगाची मजाच जाते.

त्यामुळे काट्यावर पहिली ठेवायची ती मेणबत्ती. साधी पांढरी मेणबत्ती बशीत चिकटवून काट्यावर ठेवा आणि पेटवा. मिनिटाला साधारण ०.१ ग्रॅम घट दिसते, म्हणजे पाच मिनिटांत अर्धा ग्रॅम. श्टालचं म्हणणं अगदी बरोबर! काहीतरी बाहेर पडतंय आणि वजन उतरतंय. इथेच काट्याची पहिली खोड कळते. 'टेअर' दाबून आकडा शून्यावर आणला असेल तर हे काटे शून्याच्या आसपासचा हळू बदल स्वतःची चूक समजून गिळतात आणि आकडा शून्यालाच धरून ठेवतात. मेणबत्तीचा बदल सहा सेकंदांना एक घर (म्हणजे ०.०१ ग्रॅम), नेमका गिळण्याजोगा. उपाय सोपा आहे: टेअर दाबायचंच नाही. बशीसकट पूर्ण वजन वाचायचं आणि वजाबाकी फळ्यावर करायची. दुसरी खोड आपोआप बंद होण्याची. बरेच काटे एक ते तीन मिनिटं बटण दाबलं नाही की झोपतात. ही सोय बंद करता येते का, हे घेतानाच माहितीपत्रकात पाहावं. येत नसेल तर आकडे दर अर्ध्या मिनिटाला लिहून ठेवा.

आता कोळशाचा प्रयोग, फ्लॉजिस्टनवाद्यांचा हुकमी एक्का. काळं कॉपर ऑक्साइड, म्हणजे तांब्याचं भस्म, २ ग्रॅम आणि बारीक कुटून उन्हात वाळवलेला लोणारी कोळसा ०.२ ग्रॅम नीट मिसळा. कडक काचेच्या परीक्षानळीत घालून पाचेक मिनिटं जोरात तापवा. नळी पूर्ण गार होईपर्यंत आतला माल ओतू नका. गरम तांबं हवा लागताच पुन्हा काळं पडतं. काळ्या भुकटीत गुलाबी-तांबूस कण दिसले की काम झालं. क्रिया पूर्ण झाली तर वजन सुमारे ०.५५ ग्रॅमने उतरतं, म्हणजे काट्यावर पंचावन्न घरं. कोळसा दमट असेल तर पाण्याची वाफही त्या घटीत मिसळते, म्हणून वाळवणं महत्त्वाचं. निघणारा वायू चुन्याच्या निवळीत सोडला की निवळी दुधाळ होते. काटा इथे बिनबोभाट काम करतो. नळीसकट वजन २०० ग्रॅमच्या फार खाली राहतं.

खरी कसोटी लोखंडाची: श्टालच्या हिशेबाने ते जळून हलकं व्हायला हवं. हार्डवेअरच्या किंवा रंगाच्या दुकानात फर्निचर पॉलिशसाठी स्टील वूल मिळतं, त्याची चार शून्यांची, म्हणजे सगळ्यात बारीक, प्रत मागा. भांडी घासायची चकचकीत स्टीलची घासणी चालत नाही. ती बहुधा स्टेनलेस असते, तिच्यावरचा क्रोमियम ऑक्साइडचा थर ऑक्सिजनला आत येऊ देत नाही. ती लाल होते आणि विझते, आणि वर्ग समजतो की प्रयोग फसला. स्टील वूलला गंज लागू नये म्हणून तेलाचा हात दिलेला असतो. ते तेल जळून गेलं की वजन उतरतं आणि निकाल श्टालच्या बाजूला झुकतो, म्हणून आधी अॅसिटोनमध्ये धुऊन पूर्ण सुकवा. सुकवताना आणि नंतरही थोडा वेळ जवळ आग नको.

३ ग्रॅम वूल बोटांनी पिंजून सैल करा. घट्ट गोळा फक्त वरून जळतो. ते स्टीलच्या छोट्या खोलगट ताटलीत ठेवा आणि ताटलीसकट तोला. जाळताना ताटली काट्यावर ठेवायची नाही, विटेवर ठेवायची. काट्याच्या पोटात अॅल्युमिनियमची बारीक पट्टी असते, भार पडला की ती किंचित वाकते आणि तिच्यावरची विद्युत जाळी तो वाक मोजते. पट्टी तापली की आकडा भरकटतो आणि बराच वेळ ताळ्यावर येत नाही. ९ व्होल्टच्या बॅटरीची दोन्ही टोकं वूलला टेकवली की ठिणगी पडते आणि निखारा तंतूंतून पसरत जातो. वरून जोरात फुंकर मारू नका, काळे कण उडतात, आणि उडालेला प्रत्येक कण म्हणजे वजनात तोटा. डोळ्यांवर चष्मा हवाच.

सगळं लोखंड काळ्या ऑक्साइडमध्ये गेलं तर ३ ग्रॅमचे सुमारे ४.१५ व्हायला हवेत, म्हणजे ३८ टक्के वाढ. प्रत्यक्षात ती नेहमी कमी भरते. आतले तंतू अर्धवट राहतात. काही दशांश ग्रॅम वाढले तरी प्रयोग नीट झाला म्हणा. पण तोलण्याची घाई नको. गरम ताटली गार ताटलीपेक्षा हलकी भरते, कारण तिच्यावरून वर जाणारी हवा तिला उचलून धरते. इथेही चूक श्टालच्या बाजूनेच होते, हे ध्यानात घेण्यासारखं आहे. ताटली हाताला गार लागेपर्यंत थांबायचं.

मॅग्नेशियमची फीत तुलनेने निराश करते. वाढ ६६ टक्के, पण फितीचा तुकडा ०.१ ग्रॅमचा असेल तर काट्यावर जास्तीत जास्त सहा-सात घरं, त्यातलीही काही पांढऱ्या धुरासोबत निघून जातात, आणि थोडं मॅग्नेशियम नायट्रोजनशी जुळतं. शिवाय ती ज्योत डोळ्यांना घातक. ते सोडून द्या.

वजन वाढलं, फ्लॉजिस्टन संपलं, असं म्हणून बहुतेक प्रयोग-पुस्तिका इथे थांबतात. इतिहास इथे थांबला नाही. कथील आणि शिसं तापवल्यावर जड होतात हे ज्याँ रे याने १६३० मध्येच छापलं होतं, म्हणजे श्टालच्याही आधी. गितों द मोर्व्हो याने १७७२ मध्ये अनेक धातू नीट तोलून सगळ्यांचीच वाढ दाखवली, आणि तरी तो त्या वेळी फ्लॉजिस्टनवादीच राहिला. फ्लॉजिस्टन हवेपेक्षा हलकं असल्यामुळे ते निघून गेल्यावर वस्तू जड भरते, असा त्याचा युक्तिवाद होता. तो हास्यास्पद नाही. उघड्या काट्यावर ०.३ ग्रॅमची वाढ दिसते तेव्हा दोन शक्यता उरतातच: काहीतरी आत आलं, किंवा उचलून धरणारं काहीतरी बाहेर गेलं. ताटलीभर जळकं वूल यातलं काय घडलं ते सांगत नाही. त्यासाठी हवेचं तोंड बंद करावं लागतं, आणि २०० ग्रॅमचा काटा इथे हात टेकतो, कारण काचेची बरणीच त्याला पेलत नाही.

बंद भांड्याचा प्रयोग आधी रॉबर्ट बॉइलने केला होता. १६७३ मध्ये त्याने धातू बंद काचपात्रात तापवला, पात्र उघडलं आणि मग तोललं. वजन वाढलेलं दिसलं आणि त्याने निष्कर्ष काढला की अग्नीचे कण काचेतून आरपार आत शिरतात. अँत्वान लावाझिए याने १७७४ मध्ये कथील घेऊन तेच केलं, फक्त पात्र न उघडता आधी तोललं. वजन जसंच्या तसं. मग उघडलं, हवा आत घुसली, आणि वजन वाढलं. काचेतून काही आलं नव्हतं, पात्रातली हवाच धातूत गेली होती. बॉइलचा काटा वाईट नव्हता, पायऱ्यांचा क्रम वाईट होता.

हा प्रयोग ५०० ग्रॅमच्या काट्यावर आगीशिवाय जमतो, गंजाच्या मदतीने. अर्धा लिटरची रुंद तोंडाची काचेची बरणी घ्या, रिकामी ३०० ग्रॅमच्या आसपास भरेल अशी, झाकण आतून मऊ थराचं, घट्ट बसणारं. तेल काढलेलं ५ ग्रॅम वूल व्हिनेगरमध्ये मिनिटभर बुडवा, मग पाण्याने खळबळून झटका. हे खळबळणं चुकवू नका. उरलेलं आम्ल लोखंडाशी हायड्रोजन तयार करतं, तो बरणी भरतो आणि हवी ती पोकळी मिळतच नाही. वूल सैल करून आत टाका, झाकण लावा, बरणी बाहेरून कोरडी पुसा, अर्धा तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि तोला. एक दिवस तशीच ठेवा, थंडी असेल तर दोन. बंद बरणी पुन्हा तोला: एक-दोन घरांच्या फरकाने तोच आकडा यायला हवा. आता काट्यावरून उतरवून झाकण फिरवा. ते हट्टाने चिकटलेलं असतं, मग फुस्स असा आवाज येतो. झाकण परत लावून तोला. सुमारे ०.१२ ग्रॅम वाढ मिळते: अर्ध्या लिटर हवेतला एकपंचमांश ऑक्सिजन संपला, त्याच्या जागी साधारण १०५ मिलिलिटर हवा शिरली आणि ती इतकीच भरते. काट्यावर बारा घरं. हवेपेक्षा हलकं फ्लॉजिस्टन इथे बसवता येत नाही. वाढ कधी झाली ते आपण ऐकलेलं असतं.

प्लास्टिकच्या बाटलीत हे करायचा मोह होतो, कारण ती हलकी आणि २०० ग्रॅमच्या काट्यावरही बसते. करू नका. आत पोकळी झाली की बाटली पिचकते, तिचं आकारमान कमी होतं, आणि तिला उचलून धरणाऱ्या बाहेरच्या हवेचा आधारही तितकाच घटतो. १०० मिलिलिटर पिचकली तर बंद असतानाच वजन ०.१२ ग्रॅम वाढलेलं दिसतं, आणि उघडल्यावर ती पुन्हा फुगली की काहीच वाढ दिसत नाही. म्हणजे बॉइलला वाटलं तसंच, बंद भांड्यातच वजन वाढलं. ठाऊक असेल तर हा स्वतंत्र, सुंदर प्रयोग आहे. ठाऊक नसेल तर संपूर्ण तास वाया.

त्याच कारणाने काचेच्या बरणीलाही दिवसाची वेळ सांभाळावी लागते. सकाळी २५ अंश आणि दुपारी ३२ अंश असतील तर हवा विरळ होऊन अशा बरणीचं वजन एक-दोन घरं जास्त दिसतं. बारा घरांच्या निकालात दोन घरं दुर्लक्ष करण्याजोगी नाहीत. सोपा तोडगा म्हणजे जोड बरणी: तशीच दुसरी, आत ओला कापूस, शेजारी ठेवलेली. दोन्ही एकापाठोपाठ तोला आणि फरक लिहा. काट्याचं भरकटणंही त्यात आपोआप वजा होतं.

एकपंचमांश हा आकडा स्वतंत्रपणे तपासायचा असेल तर तसंच ओलं वूल परीक्षानळीच्या तळाशी दाबून नळी पाण्यात उलटी उभी करा. दुसऱ्या दिवशी आतली आणि बाहेरची पाण्याची पातळी जुळवून नळीवर खूण करा. मग काटा पुन्हा कामाला येतो: नळी खुणेपर्यंत पाण्याने भरून तोला, नंतर काठोकाठ भरून तोला, एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर. मोजपट्टीपेक्षा हे खात्रीचं, कारण नळीचं बूड गोल असतं. पेटती मेणबत्ती ग्लासाखाली झाकून पाणी वर चढवायचा जो प्रयोग ठिकठिकाणी दाखवतात, तो मात्र या कामाला निरुपयोगी. पाणी मुख्यतः गरम हवा गार होऊन आकसते म्हणून चढतं, आणि ज्योत विझते तेव्हा बराचसा ऑक्सिजन आत शिल्लकच असतो.

०.०१ ग्रॅमची बारकाई कमी पडते का, याचं उत्तर लावाझिएच्या आकड्यांतच आहे. त्याच्या गाजलेल्या प्रयोगात ४ औंस पारा ५० घन इंच हवेसोबत बारा दिवस तापवला. हवा ४२-४३ घन इंचांवर आली आणि पाऱ्यावर ४५ ग्रेन लाल भस्म जमलं. तेच भस्म जोरात तापवल्यावर ४१.५ ग्रेन पारा आणि ७-८ घन इंच वायू मिळाला. (असाच वायू, म्हणजे ऑक्सिजन, १ ऑगस्ट १७७४ रोजी जोसेफ प्रीस्टलीने लाल भस्मावर भिंगाने ऊन पाडून मिळवला होता, तो त्याला 'फ्लॉजिस्टन काढून टाकलेली हवा' म्हणे, आणि १८०४ मध्ये मरेपर्यंत त्याने ते मत सोडलं नाही.) जुना फ्रेंच ग्रेन सुमारे ०.०५३ ग्रॅमचा, म्हणजे पाऱ्याच्या प्रयोगातला ३.५ ग्रेनचा फरक झाला ०.१९ ग्रॅम: या काट्यावर एकोणीस घरं. लावाझिएचे स्वतःचे तराजू याहून कितीतरी नाजूक होते, पण हा निकाल वाचायला खिशातला काटाही पुरला असता. पारा शाळेत तापवायचा नाही हे वेगळं सांगायला नको. वाफ विषारी आहे.

काट्यावर 'जीएन' हे एकक दिसलं तर ते या हिशेबाला वापरू नका, तो इंग्रजी ग्रेन, ०.०६४८ ग्रॅमचा. आणि 'टीएल' म्हणजे आपला तोळा नव्हे. तो बहुधा चिनी टेल असतो, साडेसदतीस ग्रॅमच्या आसपास, तोळा ११.६६ ग्रॅमचा. सोनं तोलायला निघालेल्यांची इथे फसगत होते. तसंही या काट्यांवर वैधमापन शास्त्र विभागाची मुद्रा नसते, त्यामुळे देवघेवीला ते चालत नाहीत.

खोक्यावर ०.०१ ला अचूकता म्हटलेलं असतं, प्रत्यक्षात ते फक्त सर्वात लहान घर आहे. एकच वजन पाच वेळा उचलून ठेवा. ३०० ग्रॅमला दोन घरांपेक्षा जास्त फरक पडत असेल तर बरणीचा प्रयोग त्यावर जमणार नाही, काटा परत करा. वजन ताटलीच्या चारही कोपऱ्यांवर सरकवूनही पाहा. कोपऱ्याला आकडा हलत असेल तर बरणी कायम मध्यावर, खडूने आखलेल्या वर्तुळात ठेवा. कॅलिब्रेशनचं वजन सोबत येतंच असं नाही. ते वेगळं घ्यावं, आणि काट्याच्या पडद्यावर १०० मागितलंय की २०० हे पाहूनच. मागितलं एक आणि ठेवलं दुसरं, तर पुढचे सगळे आकडे एका प्रमाणात चुकतात आणि कोणाला कळतही नाही. पंखा बंद हवा. फ्लॉजिस्टन पंख्याखाली फार जिवंत वाटतं.

घ्यायचाच असेल तर ५०० ग्रॅमचा, ०.०१ घराचा, टेअर आणि ऑटो-ऑफ वेगळं हाताळू देणारा घ्या. २०० ग्रॅमवाला आधीच असेल तर मेणबत्ती, कॉपर ऑक्साइड आणि नळीच्या प्रयोगांना तो ठणठणीत आहे. वापरून झाल्यावर सेल काढून ठेवा, ताटलीवर काही ठेवून झाकण दाबून बंद करू नका, पट्टी कायमची वाकते. उरलेलं स्टील वूल आणि ९ व्होल्टची बॅटरी एकाच डब्यात ठेवू नका. कपाटात दोघांची गाठ पडली तर कोणी बटण न दाबताही प्रयोग सुरू होतो.